मुक्तिनाथसाठी चार गाड्या

७ सप्टेंबर

चारही गाड्या आज माझ्या अंगणात आल्या आणि अंगणाचा उकिरडा झाला. श्रीमंतनं गाडी स्टँडवर लावली, खाली उतरला आणि पहिलं काम काय केलं, तर तुळशीच्या कट्ट्याजवळ तंबाखूची पिंक टाकली. मी बादलीभर पाणी ओतलं. तो हसला. म्हणाला, "मास्तर, आजून गाड्या उघडल्या बी न्हाईत आन तू धुवायला लागला व्हय?" मला त्याच्या दातांकडे बघवत नाही.

मोहिमेची नोंद ठेवायची म्हणून ही वही उघडली आहे, तेव्हा नीट लिहितो. दिवाळी झाली की कर्जतहून निघायचं आणि मोटारसायकलवर थेट नेपाळात मुक्तिनाथपर्यंत जायचं, असं आमचं चौघांचं ठरलं आहे. तसं ते बरीच वर्षं ठरतंच होतं. दर वेळी कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी विहीर आडवी यायची. या वर्षी मात्र गोरक्षनाथनं हट्टच धरला की यंदाच जायचं, पुढच्या वर्षाचं नाव काढायचं नाही. त्याचं एवढं काय अडलंय ते देव जाणे.

गोरक्षनाथ मंडपवाला. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्याच्या मांडवाखाली लागली. श्रीमंतचं दूध संकलन केंद्र आहे. कल्याणचं मिरजगाव रस्त्याला हॉटेल आहे आणि त्याला झेडपीला उभं राहायचंय, त्यामुळे तो आजकाल म्हशीलासुद्धा नमस्कार करतो. मी आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवतो, म्हणून गाड्या तयार करायचं काम ओघानंच माझ्याकडे. तिघंही शाळेपासूनचे. मित्र म्हणावेत असे मला हेच तीन. यावरून माझं नशीब कळावं.

१२ सप्टेंबर

श्रीमंतच्या बुलेटचं सीट काढलं आणि तसंच परत ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो. सीटखाली किती वर्षांचं दूध सांडलेलं आहे कुणास ठाऊक. त्याची पिवळी, चिवट खपली झाली होती, तिला धूळ आणि केस चिकटलेले, आणि बॅटरीच्या कोपऱ्यात उंदरानं घर केलेलं. नाकाला फडकं बांधून, पत्र्यानं खरवडून काढलं. वास हाताला आहे अजून. तीनदा साबण लावला.

त्यात याला सामान लावायचंय दुधाच्या कॅनसारखं, दोन्ही बाजूंनी लोंबतं. त्याला समजावलं की ओझं खाली आणि पुढं घ्यायचं, मागच्या चाकाच्या मागं गेलं की बैलगाडी उलाळ होते तशी गाडी उलाळ होते, पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल थरथरायला लागतं. तो म्हणाला, "मी वीस कॅन घेऊन खर्ड्याचा घाट चढलोय." पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी त्याला न विचारताच कॅरिअर कापलं आणि पुढं घेऊन पुन्हा वेल्डिंग केलं. पायाखालच्या पट्टीला आधाराचे तुकडे दिले. माझ्या हातचं वेल्डिंग नेपाळच्या खडीला पुरून उरेल. माणसांचं सांगता येत नाही.

१५ सप्टेंबर

गोरक्षनाथ आला होता. एकटाच. गाडीशी नुसता घुटमळत राहिला. मग म्हणाला, "रामहरी, माझ्या सीटला जाड रेक्झिन लावून दे. आतून प्लास्टिक टाक. पानी मुरलं न्हाई पायजे."

मी म्हटलं, दिवाळीनंतर कुठला पाऊस? आणि रेक्झिनवर दिवसभर बसलास तर ढुंगण शिजेल. लांबच्या प्रवासाला जाळीचं सीट लागतं, हवा खेळली पाहिजे. तो म्हणाला, "बरं." मी जाळीचं सीट बसवून टाकलं. अशा माणसांना कारण विचारत बसलं की आपणच वेडे होतो.

चहा घेतानाही तो दोनदा उठून संडासात गेला. नंतर मी फिनेल टाकलं. माझी बायको पंकजा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आवो, मानूस आजून कोपऱ्यावर बी गेलं नसंल."

मी म्हटलं, स्वच्छता वाईट असते का? ती म्हणाली, "न्हाई. स्वच्छता लई चांगली असती." आणि आत गेली. तिचं हे असं बोलणं मला कळत नाही.

२१ सप्टेंबर

चारही गाड्यांना क्लचची नवी केबल घातली आणि तिच्या शेजारून दुसरी केबल ओढून पट्ट्यांनी बांधून ठेवली. वाटेत तुटली तर नुसतं टोक बदलायचं. ट्यूब, पंक्चरचं सामान, चेनच्या जादा कड्या, स्पोक, सगळं चार सारख्या पिशव्यांत भरलं. कुणाच्याही गाडीजवळ डोळे मिटून हात घातला तर तीच वस्तू त्याच जागी लागली पाहिजे. याला पद्धत म्हणतात.

कल्याणनं मला विचारलं की टाकीवर त्याचा हात जोडलेला फोटो चिकटवला तर पेट्रोलला काही होईल का. पेट्रोलला नाही, पण मला होईल, असं मी सांगितलं. त्यानं तरीही चिकटवला आहे. आता ती गाडी पुसताना त्याच्या गालांवरून फडकं फिरवावं लागतं.

पंकजा म्हणाली, गोरक्षनाथच्या घरी एकदा जाऊन या, राजेश्वरीवहिनी विचारत होत्या. मे महिन्यात त्याचं पुण्याला मुतखड्याचं का कसलं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी गेलेलो नाही हे खरं. दवाखान्यातही गेलो नव्हतो. तो वास, त्या पिशव्या टांगलेल्या, मला तिथं उभं राहवत नाही. पंकजा गेली होती की. घरातलं एक माणूस गेलं म्हणजे झालं.

२ ऑक्टोबर, दसरा

गाड्या काल चकचकीत केल्या होत्या. आज तिघांच्या बायका आल्या आणि त्यांनी इंजिनावर हळद, कुंकू, तांदूळ, वर झेंडूच्या माळा, आणि चाकाखाली लिंबं ठेवली. इथवर मी दातांवर दात धरून उभा होतो. मग कल्याणनं नारळ फोडला तो पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर. ओल्या नारळाचं पाणी डिस्कवरून ठिबकतंय, त्यावर कुंकवाचा चिखल, आणि सगळे टाळ्या वाजवतायत. देवाला ब्रेक लागत नसतील, आपल्याला लागतात.

संध्याकाळी पुन्हा चारही गाड्या उघडून धुतल्या. गोरक्षनाथ मदतीला बसला होता. ओणवं बसताना त्याला त्रास होत होता, पण गेला नाही. मला म्हणाला, "तुझ्या हाताला खोटं काम येतच न्हाई बघ." बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण असं बोलणारा तो एकटाच आहे.

५ ऑक्टोबर

काल पूर्ण सामान लादून चाचणी फेरी केली. कर्जतहून राजूर, रात्री तिथेच मुक्काम, आज परत. आलो तो मनानं पार विटून आलो आहे.

वाटेत दर थांब्याला मी शिट्टी वाजवून हवा, चेन, नट तपासायचो. हे तिघं तेवढ्यात भजी खायचे आणि तेच तेलकट हात हँडलला पुसायचे. गोरक्षनाथला तर दर थोड्या अंतरावर थांबावं लागायचं. संगमनेरच्या अलीकडे मी त्याला सांगितलं की असं थांबत गेलो तर मुक्तिनाथला शिमगा होईल. श्रीमंत म्हणाला, "आसू दे रं, मला बी चुना मळायचा हुता." श्रीमंतला चालत्या गाडीवर तंबाखू मळता येते हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

राजूरला बाजार भरलेला होता. डोंगरातल्या गावांची सगळी माणसं खाली उतरलेली, रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. येताना घाटात गोरक्षनाथची गाडी मागून हलत होती, म्हणून मी बाजारातच कडेला गाड्या घ्यायला लावल्या आणि वजनाचा काटा बाहेर काढला. पद्धत आधीच सांगितलेली होती: प्रत्येकाची पिशवी तोलायची, जास्त निघेल ते बाहेर. गोरक्षनाथ म्हणाला, "खोलीवर गेल्यावर बघू." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. तो पिशवीला धरून राहिला. "रामहरी, हितं नको." मी त्याचा हात बाजूला करून चेन ओढली.

वर दोन सदरे होते आणि खाली सगळी पिशवी डायपरनं भरलेली. मोठ्या माणसांचे डायपर. मी एक पुडा वर धरला आणि म्हटलं, हे काय आहे? रस्त्यात उतरायचा एवढा कंटाळा? शेजारी पातीच्या कांद्याच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. दोन पोरं पुढं येऊन बघायला लागली.

तेवढ्यात कल्याणनं माझ्या हातातून पुडा हिसकावला. "माझं हाय ते. माझ्या पिशवीत जागा न्हवती म्हनून त्याच्याकडं दिलंय. बोल आता काय बोलायचं ते."

मी थक्क झालो. हा माणूस उद्या झेडपीत जाऊन बसणार आणि याला लघवीला गाडीवरून उतरायचा आळस. काय म्हणावं? मी बाटलीतलं पाणी घेऊन हात धुतले, आणि सांगितलं की कल्याण माझ्या जवळून गाडी चालवणार नाही.

रात्री कल्याण आणि श्रीमंत माझ्यापासून लांब जेवायला बसले. गोरक्षनाथ जेवलाच नाही. कल्याणच्या करणीची त्यालाही लाज वाटली असणार. आज येताना मी शिट्टी वाजवली तेव्हा कुणीच थांबलं नाही, ते सरळ पुढं निघून गेले. मी पोचलो तेव्हा तीन गाड्या अंगणात लावलेल्या होत्या आणि माणसं नव्हती.

१० ऑक्टोबर

तिघंही आपापल्या गाड्या घेऊन गेले. मी आयटीआयमध्ये असताना आले, पंकजानं फाटक उघडून दिलं. निरोप काय, तर "दिवाळीत गाड्या लागत्यात." माझ्या गाडीखेरीज अंगण रिकामं आहे. स्वच्छही आहे. किती दिवसांनी फरशीचा खरा रंग दिसतोय.

राजूरची हकिगत पंकजाला सांगितली. कल्याणचा आळस, ते डायपर, सगळं. मला वाटलं ती नाक मुरडेल. ती भाजी निवडायची थांबली. मग म्हणाली, "तुमी ते बाजारात वर धरलं?" मी म्हटलं, हो, मग काय खिशात घालू? तिनं ताट उचललं आणि उठून गेली. त्यानंतर माझ्याशी धड बोललेली नाही. बायकांना कशाचा राग कशावर काढायचा ते कळत नाही.

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. दर पाडव्याला हे तिघं फराळाला येतात आणि सोफ्यावर चिवड्याचा सडा पाडून जातात. या वर्षी कुणी आलं नाही. सोफा झाडावा लागला नाही. तरी मी झाडला.

माझी गाडी पूर्ण तयार आहे. नेपाळच्या हद्दीवर गाडीचा परवाना काढावा लागतो, त्याला लागणाऱ्या कागदांच्या नकला चौघांच्याही मीच करून ठेवल्यात. फोन केला की श्रीमंत म्हणतो, "धारंची येळ हाय, मग बोलतो." भर दुपारी कसली धार काढतात?

५ नोव्हेंबर

आज चौकात फ्लेक्स लागला. 'कर्जत ते मुक्तिनाथ दुचाकी मोहीम, हार्दिक शुभेच्छा.' निघायची तारीख तेरवाची, म्हणजे आठ. मला तारीख फ्लेक्सवरून कळली. वर मधोमध कल्याण, डोळ्यांवर काळा गॉगल, मागं कुठल्या तरी परदेशातला बर्फ. त्याच्या एका बाजूला श्रीमंत, दुसऱ्या बाजूला गोरक्षनाथ. मी स्वतःला शोधत होतो.

मी खाली होतो. अगदी खाली, शुभेच्छुकांच्या ओळीत. एका बाजूला फरशीवाला, दुसऱ्या बाजूला कोंबडीखाद्याचा विक्रेता, आणि मध्ये मी, आयटीआयच्या ओळखपत्रावरचा फोटो, 'रामहरी सर, तांत्रिक मार्गदर्शक'.

या लोकांच्या हातून एक काम सरळ होत नाही. फ्लेक्सवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, माझा फोटो चुकून खाली टाकलाय, वर तीन आहेत तिथं चार पाहिजेत. त्यानं तोंडातला गुटखा गालात सरकवला. "सर, चूक न्हाई. कल्याणभाऊंनीच सांगितलं, सरांना शुभेच्छुकात घ्या म्हनून. मोठा घ्या म्हनले, पर जागा न्हवती."

सगळं ध्यानात आलं. राजूरला मी कल्याणचं गुपित उघडं केलं, त्याचा हा सूड. गाड्या तयार करून घेतल्या आणि आता गरज सरो, वैद्य मरो. त्याच्या चेहऱ्यावर चिखल मारावा असं वाटलं. फ्लेक्सखाली उभा होतो तेव्हा दोघांनी माझं अभिनंदन केलं.

६ नोव्हेंबर

कल्याणच्या हॉटेलात गेलो. गल्ल्यावर बसला होता. मी सरळ म्हटलं की तुझे डायपर मी कुणाला सांगणार नाही, तेवढ्यासाठी माझी मोहीम मोडू नकोस. ही एकच गोष्ट मला आयुष्यात करायची आहे, आणि तुमच्याबरोबरच करायची आहे. हे वाक्य मी बोललो याचं मलाच आश्चर्य वाटलं.

त्यानं गल्ल्याला कुलूप लावलं. मग उठून मला मागं भटारखान्याच्या दारात घेऊन गेला. तिथं खरकट्याची बादली होती, तिच्यावर माश्या घोंगावत होत्या. "रामहरी, तुला खरंच वाटलं व्हय ते माझं हाय म्हनून?"

मी म्हटलं, तूच तर म्हणालास.

"गोरक्षनाथचं हाय. मुतखडा न्हवता तो. कॅन्सर हाय. आपरेशन झालं तवापासून त्याला लघवी आवरत न्हाई. डाक्टर म्हनला जावा, पर पुढच्या वर्साचं मी सांगत न्हाई. म्हनून यंदा निघालोय आपन. सगळ्यांना ठावं हाय."

"मला का नाही सांगितलं?"

"तोच म्हनला, रामहरीला सांगू नका. त्याला किळस येईल. आमी म्हनलो, आसं कसं, मैतर हाय. मग राजूर झालं." कल्याणनं बादलीवर झाकण ठेवलं. "आता तो म्हनतो, रामहरी येनार आसंल तर मी येत न्हाई. आन त्याला सोडून आमी जानार न्हाई. आता तूच सांग, फोटो कुनाचा खाली घ्यायचा?"

घरी आलो. रेक्झिन मागायला आला होता तो. पाणी मुरलं नाही पाहिजे म्हणाला होता. मी त्याला हवा खेळण्याचं सांगितलं. त्या बाया हसत होत्या आणि मी पुडा हातात धरून उभा होतो. इतके दिवस मला कल्याणची शिसारी येत होती, आज सगळी माझ्यावर उलटली आहे. जेवण गेलं नाही. पंकजाला म्हटलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "मी त्यांना दवाखान्यात बघून आल्ते ना. तुमी इचारलं का कदी, कसे हायेत म्हनून?" नव्हतं विचारलं.

७ नोव्हेंबर

रजा टाकली. नगरला जाऊन जाड रेक्झिन आणलं. फोम कापला, मधोमध खळगा ठेवला म्हणजे बसायला दुखणार नाही, वर प्लास्टिक, त्यावर रेक्झिन, आणि शिवण कडेला घेतली म्हणजे एक थेंब मुरायचा नाही. सीटमागं एक झाकणाचा डबा बसवायचं ठरवलं. वापरलेलं त्यात टाकता येईल, कुणाला दिसणार नाही, वास येणार नाही. हे सगळं मला सप्टेंबरातच सुचायला हवं होतं.

संध्याकाळी सीट आणि डबा घेऊन गोरक्षनाथच्या घरी गेलो. सहा महिन्यांनी गेलो. घरात डेटॉलचा आणि त्याच्याखालून दुसरा वास होता. मी तोंडानं श्वास घेत राहिलो. राजेश्वरीवहिनींनी चहा दिला. कपाच्या कडेला बघू नको, असं स्वतःला बजावलं आणि पिऊन टाकला. सगळा.

गोरक्षनाथला सीट दाखवलं. त्यानं शिवणीवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, माझं चुकलं रे. राजूरला फार चुकलं. एवढंच जमलं. तो सीटकडेच बघत होता. "मला मरायचं भ्या न्हाई वाटत, रामहरी. पर मानूस नाक दाबून माझ्याशी बोलायला लागलं ना, की मेल्यागत हुतं. घरात हाय तेवढं पुरं हाय. वाटंत मला मोकळं ऱ्हायचंय."

मी म्हटलं, मी नाही दाबणार. तो माझ्याकडे बघून थोडा हसला. मग मला गाडीशी घेऊन गेला आणि आम्ही दोघांनी मिळून सीट बसवलं. नट मी आवळले, डबा त्यानं धरला. निघताना म्हणाला, "उद्या सकाळी गाडी भरून चौकात ये. कल्याणला मी सांगतो."

पंकजाला येऊन सांगितलं. ती हसली, महिन्याभरानं. आत्ता ती माझ्यासाठी दशम्या करते आहे.

८ नोव्हेंबर

लिहायला नको वाटतंय, पण नोंद ठेवायची म्हटलं होतं.

सकाळी गाडी घेऊन चौकात गेलो. बँड, हार, कल्याणचे कार्यकर्ते, फटाक्यांच्या कागदांचा चिखल, हे सगळं होतं आणि मला कशाचाच राग येत नव्हता. श्रीमंतनं माझ्या पाठीत थाप मारली. "आला का मास्तर. शिट्टी आनली का?" त्याच्या तोंडाचा वास आला आणि तोही चालला. कल्याण म्हणाला, फ्लेक्स आता बदलता येणार नाही, पण परत आल्यावर दुसरा लावू, त्यात तू मधी. आम्ही चौघं गाड्यांशेजारी रांगेत उभे राहिलो. बायकांनी औक्षण केलं.

राजेश्वरीवहिनींनी दह्याची वाटी माझ्या हातात दिली. "भावजी, तुमी द्या यांना." लांबच्या वाटेला निघणाऱ्याच्या हातावर आपल्या माणसानं दही-साखर ठेवायची. मी गोरक्षनाथच्या तळहातावर ठेवलं. त्यानं चाटून खाल्लं, बोटं चाटली. मग त्यानं तीच बोटं वाटीत घातली, दही घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. "घे. तू बी निघालाय ना."

मी हात पुढं केला. त्यानं माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि थांबला. दही थंड होतं. त्याच्या बोटाची ओल त्यात होती.

मी काही ठरवलं नव्हतं. शपथ घेऊन लिहितो, मनात काही आलंसुद्धा नव्हतं. हात आपोआप मागं गेला आणि पँटला पुसला गेला.

त्यानं बघितलं. त्याच्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही, बँड वाजत होता. तो चिडला नाही. त्यानं वाटी माझ्या हातातून काढून वहिनींकडे दिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, पण ठेवला नाही, तसाच खाली घेतला. म्हणाला, "तू ऱ्हा, रामहरी. तुझा बी नाइलाज हाय."

मग हेल्मेट घालून तो गाडीवर बसला. कल्याणनं माझ्याकडे बघितलं, गोरक्षनाथकडे बघितलं, आणि काही न विचारता गाडी सुरू केली. तिन्ही गाड्या मिरजगाव रस्त्याला लागल्या. एकही मागून हलत नव्हती. लोकांनी हात हलवले, मीही हलवला. कुणीतरी मला विचारलं, सर, तुम्ही मागून निघणार का? मी हो म्हटलं.

घरी येऊन बसलो आहे. पँटवर दह्याचा डाग वाळून पांढरा पडलाय. पंकजानं दोनदा पँट मागितली धुवायला. मी अजून दिलेली नाही.